पास्त्याचे हातयंत्र, खपलीचे पीठ आणि सॉरडोचे विरजण: वर्षभराच्या वापरानंतर

गेल्या वर्षी गुढीपाडव्यानंतरच्या आठवड्यात बेळगावच्या खडेबाजारातील एका भांड्यांच्या दुकानातून मी हाताने फिरवायचे पास्त्याचे यंत्र आणले. पोलादी अंग, कणीक लाटणारे दोन रूळ, जाडी बदलण्यासाठी 1 ते 7 आकड्यांची चकती, रुंद आणि बारीक पट्ट्या कापणारी पाती, ओट्याला आवळायचा क्लॅम्प आणि सुटे हँडल एवढा त्याचा सरंजाम आहे. किंमत अडीच हजार रुपयांच्या थोडी वर पडली. या घडणीची यंत्रे बाजारात अनेक नावांनी मिळतात आणि त्यांची आतली रचना जवळजवळ सारखीच असते, त्यामुळे मी येथे नावापेक्षा कामाविषयी लिहीत आहे. माझा वापरही थोडा निराळा आहे. यंत्रासोबतच्या पुस्तिकेत मैदा आणि अंडी यांची कणीक सांगितली होती. मी मात्र त्यात वर्षभर आपल्या भागातील गव्हाची, सॉरडोचे विरजण घालून मळलेली कणीक लाटली आहे. अशा कणकेसाठी हे यंत्र घ्यावे की नाही, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर मला द्यायचे आहे.

घरी आठवड्यातून एकदा पाव भाजत असल्यामुळे विरजण सतत जिवंत ठेवावे लागते. पीठ आणि पाणी समान वजनाने कालवून त्यात हवेतले आणि पिठातले रानटी यीस्ट व लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू वाढू द्यायचे, आणि त्यांना नियमाने ताजे पीठ-पाणी घालत राहायचे, असा त्याचा साधा व्यवहार आहे. प्रत्येक वेळी जुन्यातला काही भाग बाजूला काढावा लागतो, नाहीतर बरणी भरून वाहू लागते. हे उरलेले विरजण मी पूर्वी थालीपिठात किंवा घावनात घालत असे. पास्त्यात ते घालता येते हे कळल्यावर सुरुवातीला मलाही शंका होती, कारण पास्ता फुगवायचा नसतो आणि इटलीच्या रूढ पद्धतीत त्याची कणीक आंबवतही नाहीत. येथे विरजणाचे काम फुगवण्याचे नाही. त्याने कणकेला हलका आंबूस स्वाद येतो, कोंड्यासह दळलेल्या गव्हाचा मातकट कडवटपणा मागे हटतो, आणि रात्रभराच्या मुरण्यात पीठ पाणी इतके नीट शोषून घेते की दुसऱ्या दिवशीचा गोळा हाताला मऊ मेणासारखा लागतो. कोंड्यातील फायटिक आम्लाचा (अन्नातील लोह-जस्त अंगी लागू न देणाऱ्या घटकाचा) काही भाग आंबवण्याने कमी होतो, हाही एक लाभ आहे. परंतु मी हा पास्ता करते तो चवीसाठी.

खरा प्रश्न पिठाचा आहे, आणि तेथे आपण बेळगावकर सुदैवी आहोत. इटलीने 1967 साली कायदा करून सुका पास्ता डुरम गव्हाच्या रव्याचाच असावा असे ठरवले. हा डुरम म्हणजे आपल्याकडील बन्सी गव्हाचाच वर्ग होय. बन्सी रवा आपल्या कुठल्याही किराणा दुकानात उपम्यासाठी मिळतो आणि त्याच्या पिवळसर सोनेरी झाकेवरून तो चटकन ओळखू येतो. उपम्याचा रवा यंत्रासाठी मात्र फार भरड असतो. तो मिक्सरमध्ये पुन्हा दळून मैद्याच्या चाळणीतून काढावा लागतो. चिरोटी रवा आयताच बारीक असतो, पण तो बहुधा साध्या गव्हाचा असतो. त्याने पोळी चांगली लाटली जाते, तरी शिजल्यावर दाताला जो किंचित ताठपणा लागायला हवा तो कमी पडतो. पर्याय नसेल तेव्हा मी चिरोटी वापरते, पण रविवार पेठेतून बन्सी आणणे हाच चांगला मार्ग आहे.

दुसरे पीठ खपली गव्हाचे. माझे माहेर चिकोडी तालुक्यातले असल्याने घरात खपली नेहमीच होती. सणाला खीर आणि उन्हाळ्यात शेवया खपलीच्याच होत असत. शेजारच्या अक्का तिला कानडीत जवे गोधी म्हणतात. दाण्यावरचे टरफल साध्या मळणीने सुटत नाही, ते कांडून काढावे लागते. शास्त्रात या गव्हाला डायकोकम म्हणतात. तो डुरमचा जवळचा नातलग आहे. दोघांच्याही पेशीत 28 गुणसूत्रे असतात, तर पोळीच्या साध्या गव्हात 42. धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाने डीडीके 1025 आणि डीडीके 1029 हे खपलीचे बुटके वाण दिले आहेत. खपलीच्या पिठाला जो खमंग, किंचित गोड वास असतो तो विरजणाच्या आंबूसपणाशी फार चांगला जुळतो. तिचे ग्लुटेन, म्हणजे कणकेला ताण देणारे प्रथिन, मात्र दुबळे आहे. नुसत्या खपलीची पोळी रुळांतून तिसऱ्या आकड्यापर्यंत कशीबशी जाते आणि मग कडेने फाटू लागते, म्हणून तिला बन्सीचा आधार हवाच.

दळणाविषयी एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण तिने माझे दोन गोळे वाया घालवले. आपल्या भागातील गिरणीत ज्वारीची दळणे अधिक असतात आणि ज्वारीनंतर लगेच गहू घातला तर पहिल्या किलोभर पिठात ज्वारीचे पीठ मिसळून येते. भाकरी-पोळीला त्याने काही बिघडत नाही, पण ज्वारीत ग्लुटेन नसल्यामुळे यंत्रातली पोळी जागोजागी तुटते आणि दोष यंत्राचा आहे असे वाटत राहते. गव्हाच्या दळणामागून आपला डबा लावावा, किंवा पहिले किलोभर पीठ पोळ्यांसाठी वेगळे काढून ठेवावे. नंतर पीठ बारीक चाळणीतून चाळून जाड कोंडा काढून टाकावा; कोंड्याचे टोकदार कण ताणलेल्या कणकेला आतून कापत असतात.

माझे प्रमाण आता स्थिर झाले आहे. बारीक केलेला बन्सी रवा 200 ग्रॅम, चाळलेले खपलीचे पीठ 100 ग्रॅम, समान पीठ-पाण्याचे विरजण 100 ग्रॅम, पाणी 110 ग्रॅम आणि एक लहान चमचा तेल. विरजणातले धरून पीठ 350 ग्रॅम आणि पाणी 160 ग्रॅम होते, म्हणजे पिठाच्या शेकडा 46 च्या जवळपास पाणी. पोळीच्या कणकेच्या मानाने हे फार कमी आहे आणि पहिल्या पाच मिनिटांत गोळा जमणारच नाही असे वाटते. त्या क्षणी पाण्याचा हात लावण्याचा मोह आवरला पाहिजे. चुऱ्यासारखी कणीक झाकून वीस मिनिटे ठेवली की रवा पाणी पितो आणि मग ती गोळा होऊ लागते. त्यानंतर तळहाताच्या टाचेने दहा मिनिटे तिंबावे. अंडी चालत असतील तर दोन अंडी फोडून घालावीत आणि पाणी 35 ग्रॅमपर्यंत आणावे; पोळी अधिक लवचिक होते, पण विरजणाचा स्वाद बराच झाकला जातो, म्हणून मी अंडी सहसा घालत नाही.

विरजण कोणत्या अवस्थेत घालावे यावर मी बरेच प्रयोग केले. ताजे पीठ-पाणी घालून चार तासांत दुप्पट झालेले, जोमात असलेले विरजण पावासाठी उत्तम असते. पास्त्यासाठी ते अडचणीचे ठरते, कारण कणकेत वायू धरून राहतो आणि पोळीवर फुगे उठतात. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस पडून बसलेले, आंबट वासाचे विरजणच येथे योग्य. मळलेला गोळा बाहेर ठेवण्याचा काळ ऋतूवर अवलंबून असतो. पौषात तो दोन तास ओट्यावर ठेवते, वैशाखात पाऊण तासाच्या वर ठेवत नाही, आणि दोन्ही वेळी नंतर रात्रभर फ्रीजमध्ये. मे महिन्यात एकदा बाहेरगावाहून यायला उशीर झाला आणि गोळा सहा तास बाहेर राहिला. तो सैल, चिकट आणि इतका आंबट झाला होता की रुळांतून काढताना चौथ्या आकड्यावर त्याच्या चिंध्या झाल्या. आम्ल थोडे असताना कणीक आवळते, पण आंबवणे लांबले की पिठातलीच विकरे (एन्झाइम) ग्लुटेनचे तंतू तोडू लागतात, आणि एकदा तुटलेले तंतू मळून परत येत नाहीत. चोवीस तासांहून अधिक काळ फ्रीजमध्येही ठेवू नये; खपलीची कणीक करडी पडते.

आता यंत्राकडे येते. नव्या यंत्राच्या रुळांवर तेलाचा थर असतो, म्हणून पहिला लहान गोळा केवळ रूळ पुसण्यासाठी चार-पाच वेळा फिरवून टाकून द्यावा. हे यंत्र पाण्याने धुवायचे नसते. कोरडी पिठी झटकण्यासाठी मी एक रुंद ब्रश वेगळा ठेवला आहे.

साधारण शंभर ग्रॅमचा गोळा हाताने चपटा करून पहिल्या आकड्यावर घालायचा. पहिली पोळी खडबडीत आणि कडा फाटलेली येते, त्याने नाराज होऊ नये. तिची तीन पदरी घडी घालून, दिशा बदलून, पुन्हा त्याच आकड्यावर फिरवायची. असे सहा ते आठ वेळा केले की पोळीचा पृष्ठभाग रेशमी कापडासारखा होतो, आणि उरलेसुरले वायूचे फुगेही तिसऱ्या-चौथ्या घडीत निघून जातात. यंत्राचे खरे मोल मला या घड्यांमध्ये दिसते. लाटण्याने इतकी घट्ट कणीक इतक्या समान दाबाने कोणी लाटू शकणार नाही, आणि लाटता यावी म्हणून पाणी वाढवले तर शिजल्यावर पास्ता लिबलिबीत होतो. यंत्र आपल्याला कोरडी, घट्ट कणीक वापरण्याची मुभा देते. त्याचे बाकीचे सर्व गुण या एका गुणाच्या मागून येतात.

घड्या झाल्यावर एकेक आकडा चढत जायचे, मधला आकडा गाळायचा नाही. माझ्या मिश्रणाला पाचवा आकडा मानवतो. तेथे जेमतेम एक मिलिमीटर जाडीची, जवळजवळ दोन फूट लांब पोळी मिळते. सहाव्यावर ती अजून टिकते, पण हाताळताना ताणली जाते. सातव्यावर खपलीची पोळी मी एकदाही अखंड काढू शकलेले नाही. केवळ बन्सीचा गोळा असेल तर सातवा आकडाही जमतो. पोळी कापण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी मिळून दहा-पंधरा मिनिटे कापडावर वाळू द्यावी आणि वर बारीक रवा भुरभुरावा. पिठी भुरभुरली तर ती ओलावा ओढून पट्ट्या एकमेकींना चिकटवते. रवा तसाच वर राहतो.

रुंद पात्यांची कापणी निर्दोष आहे. माझ्या यंत्राची पट्टी कच्ची असताना सहा मिलिमीटरहून किंचित अधिक रुंद येते आणि शिजून आणखी थोडी फुलते. बोलोन्या शहराच्या वाणिज्य मंडळात 1972 साली शिजलेल्या टॅलियातेल्लेची (रुंद पट्ट्यांच्या पास्त्याची) रुंदी 8 मिलिमीटर म्हणून नोंदवली गेली आहे. तितकी हवी असेल तर पोळीची सैल गुंडाळी करून सुरीने कापावी लागेल. बारीक पात्यांनी मात्र माझी निराशा केली. खपलीची आंबवलेली कणीक त्यांत पूर्ण कापली जात नाही, दोन-दोन धागे जोडलेलेच खाली उतरतात आणि ते हाताने सोडवत बसावे लागते. पोळी अर्धा तास वाळवून पाहिली, रवा अधिक लावून पाहिला. फरक पडला तो फारच थोडा.

दुसरी तक्रार क्लॅम्पची. आपल्या घरांतील ग्रॅनाइटच्या ओट्याची कड गोल आणि दुहेरी पट्टीची असते, तिच्यावर हा क्लॅम्प पुरेसा उघडत नाही. आम्ही अखेर यंत्र जेवणाच्या लाकडी टेबलाला लावले, खाली ताडपत्रीचा तुकडा दिला, तेव्हा ते स्थिर झाले. हँडल भोकात नुसते अडकवलेले असते आणि उलट दिशेला जरा फिरले की निसटते. एकट्याने काम करताना एक हात हँडलवर, एक पोळीखाली आणि तिसरा असायला हवा असे सतत वाटते. घरात दुसरे माणूस असेल त्या दिवशीच मी यंत्र काढते. विकत घेण्यापूर्वी आपल्या ओट्याची जाडी मोजून दुकानात जावे, हे मी प्रत्येकाला सांगेन.

पावसाळ्यात या यंत्राची खरी कसोटी लागते. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेत जो ओलावा असतो त्यात कापलेल्या पट्ट्या वाळत नाहीत. दोरीवर टाकलेल्या पट्ट्या दुसऱ्या दिवशी अधिकच आंबट झालेल्या आणि कडेला बुरशीचे ठिपके धरलेल्या मला मिळाल्या. त्या काळात रवा लावून मूठ-मूठ पट्ट्यांची वेटोळी करावीत, ताटात सुटी गोठवावीत आणि मग डब्यात भरून फ्रीझरमध्ये ठेवावीत. शिजवताना ती न वितळवता थेट उकळत्या पाण्यात टाकावीत. चैत्र-वैशाखात उलट घाई होते. थेट उन्हात पट्ट्या तडकतात, म्हणून सावलीत, पातळ कापडाखाली, दिवसभरात वाळवाव्यात. अंड्याचा पास्ता कोणत्याच ऋतूत बाहेर वाळवू नये. रुळांच्या आतल्या बाजूला श्रावणात तांबूस डाग दिसू लागले तेव्हापासून वापरानंतर यंत्र तासभर पंख्याखाली ठेवते आणि सुती पिशवीत तांदळाच्या पुरचुंडीसह बांधते. डाग वाढलेले नाहीत.

शिजवण्यास विशेष सायास नाहीत. शंभर ग्रॅमला लिटरभर पाणी, लिटरला दहा ग्रॅम मीठ, आणि ताज्या पट्ट्यांना तीन मिनिटे पुरतात. वर काय घालावे याचा विचार मात्र करावा लागतो. टोमॅटोचा रस्सा मी दोनदा करून पाहिला आणि सोडून दिला, कारण आंबटावर आंबट चढते आणि खपलीचा वास हरवतो. तुपात ठेचलेला लसूण आणि भिजवून वाटलेली ब्याडगी मिरची मंद आचेवर परतून त्यात शिजलेल्या पट्ट्या आणि डावभर पिठूळ पाणी घालून हलवले की रंग सुरेख उतरतो आणि तिखटपणा बेताचा राहतो. ताजे लोणी आणि जाडसर मिरपूड हीदेखील तितकीच चांगली जोडी आहे. एकदा पट्ट्यांचे तुकडे करून चकोल्यांसारखे आमटीत सोडले. घरातल्या वडीलधाऱ्यांना सर्वांत आवडला तो हाच प्रकार.

एका बाबतीत सावध केले पाहिजे. खपली ही ग्लुटेनचा त्रास असणाऱ्यांना चालते, किंवा आंबवल्याने गव्हातले ग्लुटेन संपते, असे बाजारात सहज सांगितले जाते. खपलीत ग्लुटेन आहे, आणि घरच्या विरजणाने एका रात्रीत ते नाहीसे होत नाही. सिलिअ‍ॅक रोग असलेल्या माणसाला हा पास्ता वाढू नये.

पहिल्या महिन्यात मी यंत्र लावले की सासूबाई शेजारी खुर्ची ओढून बसत आणि काही न बोलता बघत असत. एकदा पोळीच्या कापून उरलेल्या कडा मी पुन्हा मळायला घेतल्या, तेव्हा त्यांनी मला थांबवले. "अगं, मळू नकोस त्या, इकडे दे," एवढेच म्हणून त्यांनी त्या कडांचे हरभऱ्याएवढे तुकडे केले आणि नखाने दाबून नखुल्या करायला बसल्या. काही तुकडे नव्या फणीवर फिरवून त्यांची फणुली केली. इटलीतही गार्गानेल्ली नावाचा पास्ता फणीसारख्या दातेरी फळीवर वळून करतात, हे मी त्यांना सांगितले तेव्हा त्यांनी त्या फळीला दात किती असतात, असे विचारले. रुखवतासाठी गव्हले, मालत्या, बोटवे वळणाऱ्या पिढीचा तो हात आहे. आंबवलेल्या कणकेची फणुली पाच मिनिटांत शिजली आणि तिच्या खाचांत तूप-मिरची अशी धरून राहिली की त्या दिवसापासून कडा वाया जात नाहीत.

बारीक पात्यांचा प्रश्न त्यांच्याजवळ काढला तेव्हा त्यांनी माळ्यावरचे बिडाचे शेवयांचे यंत्र खाली काढायला सांगितले. बाकड्याला आवळायचे, वरून गोळा दाबायचा आणि हँडल फिरवले की खालच्या जाळीतून धागे उतरायचे, अशी त्याची रचना आहे. त्यात धागा कापायचाच नसतो, त्यामुळे जोडलेला राहण्याचा प्रश्न येत नाही. जाळी घासून, तेल लावून ते यंत्र आता तयार आहे. कणीक याहून घट्ट हवी असे त्यांचे म्हणणे आहे, म्हणून पुढच्या खेपेला पाणी 110 वरून 90 ग्रॅमवर आणून, खपली अर्धी घेऊन मळणार आहे. यंदाच्या चैत्रात पहिला घाणा घालू.